चित्रमहर्षी दादासाहेब फाळके : पडद्यावरचे आणि पडद्याआडचे

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात दादासाहेब फाळके यांच्या वाट्याला दोनच प्रश्न येतात. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक कोण, आणि चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार कोणाच्या नावाने दिला जातो? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्याने विद्यार्थ्यांना ते चटकन पाठ होते आणि तितक्याच चटकन तो माणूस विसरलाही जातो. मीही त्यांना एवढेच ओळखत होते. पुढे त्यांच्या मूकपटांचे उरलेसुरले तुकडे पाहण्यात आले, आणि आपल्या काळातील दिग्दर्शकांनी त्यांच्यावर काढलेले चित्रपटही पाहिले. तेव्हा या पुरस्कारामागे केवढा धडपड्या, हट्टी आणि शेवटी एकाकी पडलेला माणूस उभा आहे, हे ध्यानात आले. त्या माणसाची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. घरात पोथ्यापुराणे, पूजाअर्चा आणि कथाकीर्तन यांचे वातावरण होते. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याचे काम मिळाले आणि फाळके कुटुंब मुंबईस आले. धुंडिराजांचा ओढा मात्र पोथीपेक्षा चित्राकडे. १८८५ मध्ये ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथून बडोद्यास थोरल्या बंधूंकडे जाऊन त्यांनी कलाभवनात शिक्षण घेतले. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, रंगीत छपाई, इतकेच काय पण जादूचे प्रयोगसुद्धा! जी जी कला समोर येईल ती हस्तगत करावी असा त्यांचा स्वभाव होता. त्या वेळी ही धरसोड अनेकांना वेडेपणाची वाटली असेल. परंतु पुढे चित्रपट काढताना यातील एकही विद्या वाया गेली नाही.

छायाचित्रणाचा धंदा त्यांनी गोध्रा येथे मांडला. पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले आणि तो संसार मोडला. बडोद्यास पुन्हा दुकान थाटले, तर फोटो काढल्याने माणसाच्या अंगातील शक्ती निघून जाते अशी समजूत लोकांत पसरली आणि तेही चालेना. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. करंदीकरांच्या घरातील गिरिजा ही सरस्वती होऊन फाळक्यांच्या घरी आली. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. पुढे त्याचे कारण पडेल. काही काळ दादासाहेबांनी सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी केली. वंगभंगानंतर देशात स्वदेशीचे वारे वाहू लागले. दादासाहेबांनी नोकरी सोडली आणि लोणावळ्यास स्वतःचा छापखाना काढला. तो पुढे दादरला आला, नावारूपास आला. १९०९ मध्ये नवी यंत्रसामग्री आणण्यासाठी ते जर्मनीपर्यंत जाऊन आले. परंतु भागीदारांशी पटले नाही आणि आपणच उभारलेल्या छापखान्यातून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. वयाची चाळिशी उलटलेली, पदरी मुले आणि हाताला काम नाही, अशी ही अवस्था होती.

या अवस्थेत १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक विलायती मूकपट पाहिला. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. मुंबईला सिनेमा नवा नव्हता. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झालेला होता. सावे दादा उर्फ हरिश्चंद्र भाटवडेकर यांनी तर १८९९ मध्येच कुस्तीचे चित्रण केले होते. तरीही तंबूत दिसणारी चित्रे बहुतेक परदेशांतून येत. यंत्र त्यांचे, माणसे त्यांची, कथाही त्यांचीच. आपण तिकीट काढायचे आणि पाहायचे. कापड मँचेस्टरहून यावे तसा सिनेमा येत होता. शेकडो लोकांनी तो ख्रिस्ताचा चित्रपट पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि ते घरी गेले. दादासाहेबांना मात्र पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना डोळ्यांपुढे कृष्ण दिसू लागला, राम दिसू लागला, गोकुळ आणि अयोध्या दिसू लागली. आपली माणसे, आपल्या कथा या पडद्यावर कधी येतील, या विचाराने त्यांना झोप येईना. दुसऱ्या खेपेस त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवला आणि ही चित्रे हलतात कशी, हे यंत्राजवळ नेऊन समजावून दिले.

पडद्यावर जे आहे ते सर्वांनाच दिसते. जे नाही ते एखाद्यालाच दिसते. दादासाहेबांचे मोठेपण मला यात वाटते.

मग ध्यासपर्व सुरू झाले. दररोज चार चार, पाच पाच तास चित्रपट पाहणे, घरी येऊन अभ्यास करणे, पुन्हा पाहणे. या जागरणांचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ दृष्टी जवळजवळ गेली. डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. ओळखदेख काही नाही. बायोस्कोप या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन संपादक कॅबोर्न यांना भेटले. या अनोळखी हिंदी माणसाला कॅबोर्न यांनी आधी सावध केले, आणि मग त्याची जिद्द पाहून सर्वतोपरी मदतही केली. सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहण्याची संधी मिळाली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची खरेदी करून दादासाहेब दोन महिन्यांत मुंबईस परतले.

आल्याबरोबर त्यांनी काय केले असेल? एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि त्याचा कोंब कसा फुटतो, वेल कसा वाढतो, याचे दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर तो वेल मिनिटभरात वाढताना पाहून भांडवलदार थक्क झाले आणि कर्ज मिळाले. तेही पुरेना तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले.

राजा हरिश्चंद्राची कथा निवडली गेली. दादरच्या बंगल्यात कारखाना उभा राहिला. कारखाना हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण सिनेमात काम करतो असे सांगण्याची नटांना लाज वाटे. म्हणून ते हरिश्चंद्राच्या कारखान्यात काम करतो असे सांगत, असे म्हणतात. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, दादासाहेबांचा थोरला मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, त्र्यंबक तेलंग यांनी कॅमेऱ्याचे हँडल फिरवले. अडले ते तारामतीपाशी. जाहिराती दिल्या, नायकिणींच्या वस्तीत जाऊन विनवण्या केल्या. पण कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास एकही स्त्री तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत स्वयंपाक करणारा, नाजूक हातांचा तरुण दादासाहेबांच्या नजरेस पडला. अण्णा साळुंके हे त्याचे नाव. महिना दहा रुपयांऐवजी पंधरा रुपये देऊन त्याला तारामती करण्यात आले. भारतातील पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची नायिका ही अशी एक मिशा काढलेला आचारी होता.

२१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी ऑलिम्पिया थिएटरमध्ये खास खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. सुमारे ३७०० फूट लांबीचा हा मूकपट लोकांनी डोक्यावर घेतला. आधीच्याच वर्षी तोरणे यांचा पुंडलिक याच कॉरोनेशनमध्ये लागला होता आणि पहिला मान कोणाचा यावर आजही वाद होतात. परंतु पुंडलिक हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, छायाचित्रकार इंग्रज होता आणि फिल्म धुण्यासाठी विलायतेस गेली होती. हरिश्चंद्राचे सारे काम येथल्या हातांनी झाले.

येथल्या हातांनी म्हणताना कोणाचे हात? साठ-सत्तर माणसांचा हा गोतावळा दादासाहेबांच्या घरी जेवत असे. दोन्ही वेळचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. दिवसा चित्रीकरण चाले तेव्हा उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर पाडण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या उभ्या राहत. रात्री सगळे निजले की अंधाऱ्या खोलीत कच्च्या फिल्मला छिद्रे पाडीत, फिल्म धुण्याची रसायने तयार करीत. तारामतीचे काम त्यांनीच करावे असा विषय निघाला होता आणि मग बाकीची कामे कोण करणार म्हणून त्यांनी नकार दिला, असेही सांगितले जाते.

आज या चित्रपटाचे पहिले आणि शेवटचे असे सुमारे १४७५ फुटांचे तुकडे उरले आहेत. तेही मूळ १९१३ च्या प्रतीचे नसून दादासाहेबांनी १९१७ मध्ये पुन्हा काढलेल्या हरिश्चंद्राचे असावेत, असे अभ्यासक मानतात. सुट्टीत गावी असताना हे तुकडे मी मोबाईलवर आईला दाखवले. माझी आई लग्नकार्यात स्वयंपाकाला जाते. हौदात जलक्रीडा करणाऱ्या दासी पाहून ती हसली. ओल्या लुगड्यांतले ते पुरुष आहेत हे तिने सांगण्याआधीच ओळखले. मग मी तिला सरस्वतीबाईंविषयी सांगितले. साठ-सत्तर माणसांचे दोन वेळचे म्हणजे किती पीठ, किती सरपण, हा हिशेब तिने मनाशी केला असावा. ती बाई या चित्रात कुठे दिसते का, असे तिने विचारले. दिसत नाही, असे मला सांगावे लागले.

त्यानंतर हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. आणि मग लक्षात आले, की आजच्या काळातील काही चित्रपटकारही दादासाहेबांच्या जुन्या फिती पाहून असलेच प्रश्न विचारीत आहेत. दादासाहेबांनी विलायती चित्र पाहून त्यात नसलेला कृष्ण पाहिला. हे लोक दादासाहेबांचे चित्र पाहून त्यात न आलेली माणसे पाहत आहेत.

परेश मोकाशी यांचा हरिश्चंद्राची फॅक्टरी हा २००९ साली पडद्यावर आलेला चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्या वर्षी भारतातर्फे तो ऑस्करसाठी पाठवण्यात आला होता. नंदू माधव यांनी दादासाहेब आणि विभावरी देशपांडे यांनी सरस्वतीबाई उभ्या केल्या आहेत. जे मूळ चित्रात नाही ते येथे आहे. सरस्वतीबाई येथे नवऱ्याच्या वेडात बरोबरीने सामील झालेली, हसतमुख, हुशार सहकारी म्हणून दिसतात. लुगडे नेसून चालायला शिकणारे पुरुष येथे दिसतात. हा चित्रपट मला मनापासून आवडला. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तो दादासाहेबांच्या उमेदीच्या काळापुरता मर्यादित आहे आणि सर्वत्र आनंदी आहे. दारिद्र्य येते तेही विनोदाने. प्रेक्षक हसत बाहेर पडतो आणि दादासाहेबांचे पुढे सगळे सुरळीत झाले असेल असे समजतो. वस्तुस्थिती तशी नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. १९१३ मध्येच मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. कॅमेऱ्यासमोर येण्याचे धाडस या मायलेकींनी केले. नाटकात काम करणार म्हटले तर आजही घरी काय ऐकावे लागते, हे आपल्या वर्गातील मुलींना ठाऊक आहे. त्यावरून १९१३ ची कल्पना करावी. १९१४ मध्ये दादासाहेब आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणे आले, ते त्यांनी नाकारले. महायुद्ध सुरू झाले, भांडवल आटले. तरी १९१७ मध्ये लंकादहन आला आणि त्याने उत्पन्नाचे उच्चांक गाठले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या अण्णा साळुंके यांच्याच! १९१८ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे चित्रपट त्याच काळातले. कालियामर्दनात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने कृष्णाचे काम केले आहे. गिरगावच्या तंबूत त्यांच्या डोळ्यांपुढे आलेला कृष्ण शेवटी असा त्यांच्याच घरातून पडद्यावर आला.

पण व्यापाऱ्यांना हिशेब हवा होता आणि दादासाहेबांना मनासारखे चित्र. खटके उडाले. आपणच जन्माला घातलेल्या धंद्याचा वीट येऊन ते सहकुटुंब काशीस निघून गेले. तेथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. ते मुंबईच्या रंगमंचावर आले, पण चालले नाही. पुन्हा नाशिकला येऊन त्यांनी कंपनीत काम धरले. मात्र पूर्वीचा अधिकार राहिला नव्हता.

कमल स्वरूप या दिग्दर्शकाने नेमकी हीच दुखरी जागा हेरली. दादासाहेबांच्या जीवनाचा माग घेण्यात त्यांनी अनेक वर्षे घालवली; दादासाहेब ज्या ज्या गावी राहिले त्या गावी जाऊन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन कार्यशाळा घेतल्या. २०१३ मधील त्यांचा रंगभूमी हा चित्रपट काशीत घडतो. दादासाहेबांनी सिनेमाकडे पाठ फिरवली तो काळ आणि ते पडलेले नाटक यांचा आधार घेऊन तो बेतलेला आहे. त्याला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सरळ गोष्ट सांगणारा हा चित्रपट नव्हे. पहिल्यांदा पाहताना मला तो पुष्कळसा समजला नाही, हे प्रांजळपणे सांगते. परंतु कीर्तीच्या शिखरावर असलेला माणूस घाटावर एकटा बसून काय विचार करीत असेल, हा प्रश्न त्याने मनात रुजवला. मोकाशींचा चित्रपट जेथे थांबतो त्याच्या पुढची वाट हा चित्रपट दाखवतो. दोन्ही पाहिल्यावाचून दादासाहेब पुरते भेटत नाहीत.

या दोघांना पाहण्यासारखे काही उरले याचे श्रेय आणखी एका माणसाकडे जाते. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी देशभर फिरून जुनी रिळे गोळा केली. मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती जळाल्या, कुजल्या, रुप्यासाठी वितळवल्या गेल्या. दादासाहेबांनी शंभराच्या आसपास चित्रपट काढले असे सांगतात. त्यांतील मोजकेच तुकडे हाती लागले. नायर यांच्यावर शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये सेल्युलॉइड मॅन हा माहितीपट केला. रिळांचे डबे उघडून वास घेणारा माणूस नसता, तर आज मोकाशी आणि स्वरूप यांना दादासाहेब केवळ ऐकीव गोष्टींतूनच भेटले असते.

उरलेल्या तुकड्यांत एक फीत अशी आहे, की जिच्यात चित्रपट कसा तयार होतो हे दादासाहेबांनी स्वतःच दाखवले आहे. त्यात ते स्वतः दिसतात. नटांना शिकवतात, फिल्मची पट्टी डोळ्यांपुढे धरून तपासतात. पडद्याआडचा कारखाना पडद्यावर आणण्याची कल्पना त्यांना त्या काळी सुचली होती, याचे फार नवल वाटते. परंतु ज्या अंधाऱ्या खोलीत सरस्वतीबाई छिद्रे पाडीत बसत, तेथे कॅमेरा पोहोचू शकत नव्हता. त्या खोलीत उजेड आला असता तर फिल्मच खराब झाली असती.

बोलपट आला आणि दादासाहेबांचा काळ सरला. मूक म्हणून काढलेल्या सेतुबंधनाला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूरच्या कंपनीसाठी १९३७ मध्ये काढलेला गंगावतरण हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १९३९ मध्ये भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा ज्याने हे झाड लावले तो माणूस धंद्याच्या बाहेर फेकला गेलेला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. चित्रपट काढण्यासाठी परवाना लागे. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, प्रकृती ढासळलेली असतानाही दादासाहेबांनी परवान्यासाठी अर्ज केला. सरकारने तो नाकारला. त्यानंतर लवकरच, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीत विलायती चित्रांना देशी उत्तर द्यावे म्हणून त्यांनी घरदार पणाला लावले, त्याच राजवटीच्या एका नकारपत्राने त्यांच्या कामाची अखेर झाली.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला. पहिला मान देविकाराणी यांना, म्हणजे एका अभिनेत्रीला मिळाला. ज्या चित्रपटाला एकही स्त्री मिळाली नव्हती, त्याच्या निर्मात्याच्या नावाचा पहिला पुरस्कार एका स्त्रीच्या हाती गेला, हे उचितच झाले.

असो. थोरांची चरित्रे वाचून त्यांच्या पावलावर पाऊल टाकावे असे आपल्याला नेहमी सांगितले जाते. दादासाहेबांसारखे घरदार पणाला लावणे सर्वांना जमणार नाही आणि ते सर्वांनी करावे असेही मला वाटत नाही, कारण गहाण पडलेले दागिने त्यांच्या एकट्याचे नव्हते. परंतु चित्र पाहताना त्यात कोण नाही, हे विचारण्याची त्यांची सवय आपल्याला घेता येईल. आमच्या स्नेहसंमेलनाचे छायाचित्र याच अंकात कोठेतरी असेल. ते पाहताना मंडप घालणारे, सतरंज्या उचलणारे आणि त्या दिवशी आपल्याला जेवू घालणारे हात त्यात दिसतात का, एवढे एकदा पाहावे.

(द्वितीय वर्ष, कला)